बारा नंबरचा झगा

इंग्लंडातील कोणत्याही गावी गेले, तरी तेथे एक असा हमरस्ता सापडतो की, ज्याच्या दोन्ही बाजूंना पेढी, टपालकचेरी, औषधांचे दुकान, पावाची भट्टी आणि तयार कपड्यांची दुकाने ओळीने मांडलेली असतात. या रस्त्याला तिकडे ‘हाय स्ट्रीट’ म्हणतात. पुणेकरांना जसा लक्ष्मी रस्ता, इंदूरकरांना जसा राजवाड्याभोवतीचा बाजार, तसा इंग्रजांना त्यांचा हाय स्ट्रीट. पुढे या शब्दाचा अर्थ पसरत गेला आणि ज्यांच्या शाखा गावोगावच्या अशा रस्त्यांवर आहेत, ज्यांच्या किंमती मध्यम वर्गाच्या आवाक्यात आहेत, अशा सर्व साखळी दुकानांना मिळून ते नाव पडले. नामांकित शिंप्याकडून कपडे शिवून घेण्याची ऐपत नसलेल्या, पण चारचौघांत नीटनेटके दिसू इच्छिणाऱ्या असंख्य माणसांना या दुकानांनी शंभराहून अधिक वर्षे सजविले आहे.

या दुकानांची खरी कसोटी नाताळच्या आधीच्या पंधरवड्यात लागते. कचेऱ्यांतून मेजवान्या असतात, घरोघरी नाचगाणे असते, आणि प्रत्येकीला एक तरी नवा झगा हवा असतो. दुकानात शिरलेली बाई प्रथम रंग पाहते, मग कापड पाहते, मग किंमत पाहते, आणि अखेरीस मानेच्या मागे शिवलेल्या चिमुकल्या चिठीवरचा आकडा पाहते. तो आकडा समजा बारा आहे. एका दुकानातला बारा नंबरचा झगा तिच्या अंगाला बेतल्यासारखा बसतो. शेजारच्या दुकानातल्या बारा नंबरची चेन पाठीच्या मध्यावर अडून राहते. तिसऱ्या दुकानातला बारा नंबर खांद्यावरून घसरू लागतो. अशा वेळी दोष दुकानदाराला द्यावा, हे तिच्या मनात सहसा येत नाही. आपणच जाड झालो, असा निष्कर्ष ती त्या अरुंद खोलीतल्या आरशासमोर काढते. आणि पुष्कळदा, आठ दिवसांत बारीक होऊ या भरवशावर, अंगाला न बसणारा झगाच घरी घेऊन येते. तो मग कपाटातच राहतो.

हा बारा आला कोठून, तो मोजतो काय, आणि दोन दुकानांत तो वेगवेगळा का असतो, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. तो ठाऊक असलेली बाई त्या आरशासमोर थोडी निर्धास्त उभी राहील, एवढ्यासाठी तो आज सांगावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोपातील शिंप्यांपाशी इंचांच्या खुणा असलेली फीत नव्हती, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. शिंपी गिऱ्हाइकाच्या अंगावर चर्मपत्राची किंवा कागदाची एक अरुंद पट्टी धरी, आणि छाती येथवर, कंबर येथवर, बाही येथवर, अशा खाचा तिच्यावर पाडी. प्रत्येक गिऱ्हाइकाची पट्टी निराळी. तिच्यावर आकडा नसे. म्हणून एका माणसाची दुसऱ्या माणसाशी तुलना करण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. आपल्याकडील बायका शिंप्याकडे नवे कापड देताना सोबत ‘मापाचा ब्लाउज’ देतात, त्यामागचा व्यवहार हाच आहे. मापाच्या ब्लाउजाला नंबर नसतो. तो एका बाईचा असतो, आणि तिच्यापुरता अचूक असतो.

साधारणतः १८०० ते १८२० या काळात इंचांची फीत शिंप्यांच्या गळ्यात आली, आणि एक साधे साधन माणसाच्या विचाराला किती वेगळे वळण लावते, याचा प्रत्यय आला. आता शंभर गिऱ्हाइकांची मापे वहीत एकाखाली एक मांडता येऊ लागली. मांडल्यावर असे दिसू लागले की, छाती अमुक इंच असली म्हणजे पाठीची रुंदी बहुधा तमुक असते, बाहीची लांबी बहुधा इतकी असते. या ‘बहुधा’वर विसंबून शिंप्यांनी कोष्टके रचली. वॅम्पेन नावाच्या जर्मन विद्वानाने तर १८३० च्या दशकात भूमितीच्या आधाराने कपडे बेतण्याचे शास्त्रच लिहून काढले. एक माप घ्यावे आणि बाकीची अनुमानाने काढावीत, हा तयार कपड्यांच्या धंद्याचा पाया होय. अनुमान जेथे खरे ठरते तेथे कपडा बसतो. जेथे खोटे ठरते तेथे चेन अडते.

या अनुमानाला मोठी चालना मिळाली ती सैन्यांमुळे. हजारो शिपायांना थोड्या दिवसांत गणवेश पुरवावयाचे, तर प्रत्येकाचे माप घेणे अशक्य. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात जे यादवी युद्ध झाले, त्यात सैनिकांच्या मापांच्या नोंदी झाल्या आणि ठरावीक छाती-कंबरेच्या जोड्या पुन्हा पुन्हा आढळतात, हे कारखानदारांच्या ध्यानात आले. युद्ध संपल्यावर तेच ज्ञान नागरी कोट-पाटलोणींच्या कामी आले. इंग्लंडात लीड्स या गावी जॉन बॅरन या कारखानदाराने १८५८ च्या सुमारास, लाकूड कापण्याच्या पट्टेकरवतीवरून कल्पना घेऊन, कापडाचे अनेक थर एकदम कापणारी फिरत्या पात्याची सुरी वापरात आणली. शिवणयंत्र आधीच आले होते. एका बेतणीत डझनावारी कोट निघू लागले, आणि लीड्स हे तयार कपड्यांचे आगर बनले.

पुरुषांच्या बाबतीत ही सारी घडामोड सरळ रेषेत झाली. कोटावर ४० असा आकडा असेल, तर तो चाळीस इंच छातीसाठी आहे, हे त्या काळीही सत्य होते आणि आजही बव्हंशी सत्य आहे. तो आकडा फितीवर सापडतो. शिवाय पुरुषांना मेजवानीच्या पोशाखाची चिंताही मर्यादित. काळा कोट, पांढरा सदरा, गळ्याशी बो. शंभर वर्षांत त्यात फारसा फरक नाही. १८५१ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या मॉस ब्रदर्स या दुकानाने तर १८९७ पासून असा पोशाख एका रात्रीपुरता भाड्याने देण्यास आरंभ केला, आणि ज्याच्याजवळ पोशाख नाही त्यालाही मेजवानीस जाण्याची सोय झाली. पुढे मॉन्टेग्यू बर्टन यांनी एक मधला मार्ग काढला. त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाची मापे घेत, ती लीड्सच्या कारखान्यात पाठवीत, आणि तेथे हजारो कामगार ती शिवून देत. किंमत तयार कपड्याची, माप स्वतःचे. १९५२ साली बर्टन वारले, तेव्हा ब्रिटनमधील क्वचितच एखादा हाय स्ट्रीट त्यांच्या दुकानावाचून असेल.

स्त्रियांच्या कपड्यांची वाट मात्र वाकडी आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय स्त्रीचा पोशाख छातीकमरेशी घट्ट आवळलेला असे. त्यात अनुमानाला जागा नव्हती. म्हणून तिच्यासाठी प्रथम तयार मिळू लागले ते झगे नव्हेत, तर अंगावरून सैल सोडण्याचे डगले आणि खांद्यावर टाकण्याची पांघरुणे. मोठी दुकाने अर्धवट शिवलेले झगे विकीत. घागरा पुरा शिवलेला, वरच्या चोळीचे नुसते कापड. ते घरी नेऊन आपल्या शिवणकामवालीकडून अंगाबरोबर शिवून घ्यावयाचे. व्यवहाराच्या दृष्टीने ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. जेथे माप चुकण्याचा संभव नाही तेवढे कारखान्याने करावे आणि जेथे तो आहे तेथे हात घालू नये, ही मर्यादा पुढच्या काळात कोणी पाळली नाही. १९२० नंतरच्या दशकात सरळ, नळकांड्यासारखे, कंबर नसलेले झगे प्रचारात आले, आणि तयार कपड्यांच्या धंद्याला सोन्याचे दिवस आले. कंबरच नाही, तर कंबरेचे माप चुकणार कसे? पण १९३० च्या दशकात फॅशनने पुन्हा अंगाचा आकार मागितला, आणि कारखानदार पेचात सापडले.

मग आकडे द्यावयाचे कशाच्या आधारे? ब्रिटनमध्ये बराच काळ आकडे नव्हतेच, अक्षरे होती. लहान चणीच्या बाईसाठी ‘एसडब्ल्यू’, साधारण बाईसाठी ‘डब्ल्यू’, त्याहून मोठीसाठी ‘डब्ल्यूएक्स’, आणि तिच्याही पलीकडे ‘ओएस’, म्हणजे आउटसाइज, मापाबाहेरची. या शेवटच्या शब्दाकडे क्षणभर लक्ष द्यावे. बाई आहे तेवढीच आहे. माप तिच्यापर्यंत पोचले नाही. परंतु शब्द असा निवडला गेला की, बाहेर राहिली ती बाई.

अमेरिकेत निराळेच घडले. तेथे मुलींच्या कपड्यांवर वयाचा आकडा घालण्याची चाल होती. दहा वर्षांच्या मुलीचा फ्रॉक दहा नंबरचा, ही गोष्ट समजण्यासारखी आहे. आपणही लहान मुलांचे कपडे वयानेच मागतो. हीच चाल तरुणींपर्यंत गेली. चौदा, सोळा, अठरा, वीस हे नंबर त्या त्या वयाच्या, सडसडीत समजल्या गेलेल्या मुलींसाठी असत. प्रौढ स्त्रियांसाठी छातीचे इंच असत. पण चाळिशीतल्या सडपातळ बाईलाही सोळा नंबर बसे, आणि तो मागताना तिला आनंदच होत असला पाहिजे. हळूहळू वय विसरले गेले आणि आकडा तेवढा उरला. आज लक्षावधी स्त्रिया ज्या आकड्याला आपल्या देहाचे माप मानतात, त्याचे मूळ अशा रीतीने वयाच्या एका जुन्या चिठीत आहे. इंच नाही, सेंटिमीटर नाही. वय होते, तेही आता राहिले नाही.

ही बजबजपुरी नाहीशी करण्याचा पहिला मोठा यत्न एका सरकारी खात्याने केला, आणि स्वतः सरकारी चाकर असल्यामुळे मला त्या यत्नाविषयी सहानुभूती वाटते. टपालाने कपडे विकणाऱ्या कंपन्यांकडे न बसणारे कपडे ढिगांनी परत येत, व त्यांचे नुकसान होई. १९३९ आणि १९४० या वर्षांत अमेरिकेच्या शेतकी खात्यातील गृहशास्त्र विभागाने रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली सुमारे पंधरा हजार स्त्रियांची मापे घेतली. प्रत्येकीची ५९ मापे! १९४१ मध्ये अहवाल निघाला. एकंदर परिश्रम थक्क करणारे आहेत. पण त्यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मापे देण्यास आलेल्या गौरेतर स्त्रियांची मापे घेतली गेली, आणि नंतर ती हिशेबातून बाजूला ठेवण्यात आली. ‘अमेरिकन स्त्री’ची सरासरी काढताना अमेरिकेतल्या कोणत्या स्त्रिया मोजावयाच्या नाहीत, हे आधीच ठरले होते. रकान्यांचे काम करणाऱ्या माणसाला हे ठाऊक असते की, सरासरीतील चूक बेरजेत क्वचितच होते. ती कोणाला मोजावे हे ठरविताना होते.

या मापांच्या आधारे तेथील सरकारने १९५८ साली एक प्रमाण जाहीर केले. त्यात छातीसाठी आकडा, उंचीसाठी अक्षर, आणि नितंबांचा घेर कमी की अधिक हे दाखविण्यासाठी उणे-अधिकाचे चिन्ह, अशी तिहेरी रचना होती. तर्काला ती निर्दोष होती. दुकानात मात्र कोणत्या बाईला आपल्या झग्यावर अधिकाचे चिन्ह हवे असेल? प्रमाण ऐच्छिक होते. १९७० मध्ये ते सुधारण्यात आले, आणि १९८३ साली मागे घेण्यात आले. सक्ती नसलेल्या नियमाचे जे होते ते झाले.

ब्रिटनमध्ये या प्रश्नाला युद्धाने वेगळी धार आणली. १ जून १९४१ पासून तेथे कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. प्रथम माणशी वर्षाला ६६ कुपने मिळत, आणि लोकरीच्या एका झग्यास त्यांतील ११ खर्ची पडत. भरतकाम, झालरी, अनावश्यक चुण्या यांवर निर्बंध आले. ‘युटिलिटी’ नावाने सरकारमान्य कापडाचे, ठरावीक पद्धतीचे कपडे निघाले, व तयार कपड्यांच्या कारखान्यांना एकसारखेपणाची शिस्त लागली. मेजवान्या तेव्हाही होत, लग्ने होत, रजेवर आलेले शिपाई नाचण्यास जात. पण चुकीच्या मापाचा झगा घेणे म्हणजे नुसते पैसे गमावणे नव्हते, वर्षाच्या वाट्याचा सहावा हिस्सा गमावणे होते. १९४९ च्या मार्चमध्ये कपड्यांचे रेशनिंग उठले, तोवर ब्रिटिश स्त्री शिवण उसवून पुन्हा घालण्याच्या कलेत तरबेज झाली होती.

१९५१ मध्ये तेथील कापड-उद्योगाने पाच हजार स्त्रियांची मापे घेतली, आणि त्यांचा वृत्तान्त १९५७ साली प्रसिद्ध झाला. दहा, बारा, चौदा, सोळा हे आकडे याच काळात हाय स्ट्रीटवर रुळले. पुढे १९८२ च्या ब्रिटिश प्रमाणात बारा नंबर म्हणजे ८६ ते ९० सेंटिमीटर छाती, असे नमूद झाले. हे प्रमाणही ऐच्छिकच. म्हणजे दुकानदाराने आपला बारा नंबर त्याहून सैल केला किंवा तंग केला, तर कोणताही कायदा मोडत नाही.

आणि तसे दुकानदारांनी केले. दोन्ही दिशांनी केले. १९६४ साली बार्बरा हुलानिकी यांनी लंडनमध्ये ‘बिबा’ हे दुकान उघडले. त्याआधी त्याच वर्षी वर्तमानपत्रातील जाहिरातीवरून त्यांच्या गुलाबी चौकड्यांच्या एका स्वस्त फ्रॉकला सुमारे सतरा हजार मागण्या आल्या होत्या. कारकुनी करणाऱ्या मुलींना आठवड्याच्या पगारात परवडेल असा मेजवानीचा पोशाख प्रथम ‘बिबा’ने दिला, असे म्हटले तरी चालेल. पण त्या कपड्यांच्या बाह्या आणि बगला अतिशय अरुंद असत. युद्धकाळातील टंचाईत वाढलेल्या किडकिडीत मुली डोळ्यांसमोर ठेवून ते बेतलेले होते. ज्यांचे दंड जरा भरलेले, त्यांना तेथले कोणतेच माप होत नसे. १९७५ मध्ये ते दुकान बंद पडले. त्याच १९६४ साली निघालेले ‘टॉपशॉप’ पुढे तरुण मुलींच्या शनिवारच्या मेजवान्यांचे जणू कोठार झाले; त्याची दुकाने २०२१ पर्यंत राहिली.

दुसरी दिशा खुशामतीची. गिऱ्हाइकाचा घेर वाढत जातो. आकडा वाढलेला तिला आवडत नाही. तेव्हा आकडा तोच ठेवून कपडाच वाढवावा, ही युक्ती कोणा एकाच्या डोक्यातून निघाली नसून हळूहळू सर्वांनी उचलली. २००१-०२ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे अकरा हजार स्त्री-पुरुषांची मापे यंत्राने घेण्यात आली. १९५१ साली स्त्रियांची सरासरी कंबर २७.५ इंचांच्या आसपास होती. ती आता ३४ इंचांच्या आसपास भरली. अमेरिकेतील बदल तर याहून बोलका आहे. १९५८ च्या प्रमाणातील सोळा नंबरची बाई एकविसाव्या शतकातील कोष्टकात जवळजवळ आठ नंबरची ठरते. आणि १९५८ च्या आठ नंबरच्या बाईला आजच्या कोष्टकात जागाच सापडत नाही, इतकी ती सर्वांत लहान मापाच्याही खाली जाते. तेव्हा आजीच्या पेटीत सापडलेला सोळा नंबरचा झगा नातीला घट्ट होतो, यात नातीचा काही अपराध नाही.

देशोदेशीचे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत, हेही येथेच उरकू. ८८ सेंटिमीटर छातीची एक बाई घ्या. इटलीत तिचा नंबर ४४, म्हणजे छातीचा बरोबर निम्मा. जर्मनीत त्यातून सहा वजा करून ३८. फ्रान्समध्ये ४०. ब्रिटनमध्ये तीच १२ आणि अमेरिकेत ८. बाई तीच, विमानतळ तेवढे बदलले. यांतील युरोपीय आकड्यांना निदान एक हिशेब आहे. इंग्रजी बाराला हिशेब नाही, फक्त वहिवाट आहे.

मग मेजवानीचा झगा निवडावा कसा? इतिहासावरून जे निष्पन्न होते ते असे की, आकडा हे त्या एका दुकानाचे खासगी नाव समजावे आणि भरवसा फितीवर ठेवावा. छाती, कंबर व नितंब यांची मापे, त्या रात्री आत जे कपडे घालावयाचे असतील तेच घालून, फीत जमिनीला समांतर धरून घ्यावीत. दुकानांच्या कोष्टकात बहुधा शरीराचे माप दिलेले असते, कपड्याचे नव्हे. हा भेद लक्षात न घेतल्याने फार घोटाळे होतात. न ताणणाऱ्या कापडाचा झगा शरीरापेक्षा दोनेक इंच सैल असल्याखेरीज त्यात धड श्वासही घेता येत नाही. रोजच्या विणलेल्या, ताणणाऱ्या कपड्यात ही चूक झाकली जाते. मेजवानीचे कपडे मात्र साटीन, टॅफेटा, मखमल अशा हट्टी कापडांचे असतात. ती तसूभरही देत नाहीत. म्हणूनच रोज बारा नंबर बिनतक्रार घालणारी बाई मेजवानीच्या झग्यापाशी येऊन अडते.

तीन मापे जर कोष्टकातल्या तीन निरनिराळ्या ओळींत पडत असतील, आणि बहुतेकींची तशीच पडतात, तर सर्वांत मोठी ओळ धरावी. मोठा कपडा शिंपी लहान करू शकतो. लहान कपडा मोठा करणे हे शिवणीत सोडलेल्या मार्जिनवर अवलंबून, आणि स्वस्त कपड्यात मार्जिन नावालाच असते. झगा उलटा करून ते पाहून घ्यावे. टिकल्यांनी मढविलेला झगा घेताना तर दुप्पट सावध असावे, कारण त्याची शिवण सरकविण्यापूर्वी तिच्याकाठच्या टिकल्या एकेक काढाव्या लागतात, आणि शिलाई झग्याच्या किमतीवर जाते. खांदे उघडे टाकणारा, आत पट्ट्या घातलेला झगा छातीवर नीट बसला पाहिजे, कारण त्याला धरून ठेवणारे दुसरे काही नाही. आडवे-तिरपे कापड धरून बेतलेला झगा टांगून ठेवला की लांबीत उतरतो. आणि नुसते आरशासमोर उभे राहून भागत नाही. खाली बसून पाहावे, हात वर करून पाहावेत. मेजवानीत माणूस जेवतो आणि नाचतो. मार्क्स अँड स्पेन्सरसारख्या दुकानात अनेक वर्षे कपडे घालून पाहण्याच्या खोल्याच नव्हत्या; कपडा घरी न्यावा, न बसल्यास परत आणून पैसे घ्यावेत, असा रिवाज होता. आज घरबसल्या कपडे मागविणारी बाई नकळत त्याच रिवाजाकडे परतली आहे.

एखाद्या देहावर बेतलेला कपडा दुसऱ्या देहाला कितपत साथ देतो, याचे एक गाजलेले उदाहरण आहे. १९ मे १९६२ रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या वाढदिवसाच्या समारंभात मेरिलिन मन्‍रो हिने जो झगा घातला होता, तो इतका तंग होता की, तिच्या अंगावरच तो टाके घालून बंद करावा लागला. मन्‍रो सोळा नंबरची होती, असे नेहमी सांगितले जाते. सोळा कोणत्या देशाचा आणि कोणत्या सालचा, हे मात्र कोणी सांगत नाही. २०१६ मध्ये तो झगा अठ्ठेचाळीस लाख डॉलरांना विकला गेला. २०२२ मध्ये किम कार्दाशियन या प्रसिद्ध स्त्रीने न्यूयॉर्कच्या एका बड्या समारंभात तो घातला. त्यासाठी आधी काही आठवडे तिने वजन उतरविले. तरीही पाठीमागे तो पुरता मिटला नाही, आणि वरून पांढरे पांघरूण घेऊन तिला वेळ निभावून न्यावी लागली. जगातील सर्वांत महाग झग्याचीही जर ही तऱ्हा, तर हाय स्ट्रीटवरील झग्यासाठी उपाशी राहण्यात काय अर्थ आहे?

आपल्याकडे हा प्रश्न उशिरा आला. साडीला माप नाही, आणि ब्लाउज शिंप्याकडे शिवलेला. मार्क्स अँड स्पेन्सर २००१ मध्ये आणि झारा २०१० मध्ये भारतात आले; त्याच सुमारास आपले कारखानदारही तयार पोशाख मोठ्या प्रमाणावर विकू लागले. कोष्टके मात्र बव्हंशी ब्रिटिश व अमेरिकन, म्हणजे दुसऱ्याच लोकांच्या अंगावरून उतरविलेली. त्यामुळे खांदे बसले तर कंबर बसत नाही आणि कंबर बसली तर लांबी जमिनीला टेकते, हा अनुभव नागपूरपासून बडोद्यापर्यंत आणि बंगळुरूपासून दिल्लीपर्यंत कोणत्याही मराठी मुलीला विचारावा. २०१८-१९ च्या सुमारास केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेकडे देशव्यापी मापांची पाहणी सोपविली. पंधरा ते पासष्ट वर्षे वयाच्या पंचवीस हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची मापे दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू आणि शिलाँग या सहा शहरांत घ्यावयाची, अशी ती योजना. शिलाँगचे नाव त्या यादीत असणे मला विशेष महत्त्वाचे वाटते. कोणाला मोजावयाचे हे ठरविताना या वेळी ईशान्येकडील देह विसरले गेले नाहीत. मापे फितीने न घेता प्रकाशकिरणांच्या यंत्राने घेण्याचे ठरले. माणसाने आत उभे राहावयाचे, आणि काही क्षणांत अंगाला कोणाचाही हात न लागता शंभराहून अधिक मापांची नोंद होते. आपल्याकडील पुष्कळ स्त्रियांच्या दृष्टीने एवढी एक सोयदेखील लहान नाही.